शेफील्डचे जुने चाकू

तिकिटे, नाणी किंवा काड्यापेट्यांवरची चित्रे जमवणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. परंतु जुने घडीचे चाकू जमवणारा गृहस्थ भेटला, तर आपण क्षणभर बिचकतो. चाकू म्हटला की स्वयंपाकघर आठवते, नाही तर मारामारी! वस्तुतः खिशात बाळगावयाचा लहान चाकू हे दीर्घकाळ लेखनिकाचे साधन होते. आपल्याकडे बोरूचे टोक तासावे लागे, तसे युरोपात पिसाच्या लेखणीचे. त्यासाठी लागणाऱ्या चाकूला इंग्रजीत ‘पेननाइफ’ हे नाव पडले आणि पिसाची लेखणी गेली तरी नाव राहिले. अशा चाकूंचा संग्राहक प्रथम धार पाहत नाही. पाते उघडून त्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेल्या भागावर, काय ठसवले आहे ते तो भिंगातून वाचतो. तेथे पुष्कळदा एका गावाचे नाव आढळते, ते म्हणजे शेफील्ड.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील या गावी डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली या नद्यांवर पाणचक्क्या फिरत, आणि सहाणेसाठी लागणारा वालुकाश्म जवळच्याच डोंगरांत मिळे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने आपल्या एका कथेतील गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचाच चाकू खोचलेला दाखवला आहे. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकू-कात्र्या करणाऱ्यांची ‘कटलर्स कंपनी’ स्थापन झाली आणि कारागिरांच्या खुणांची नोंद तिच्याकडे होऊ लागली. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला आपल्या कमानींसाठी चांगले पोलाद हवे होते. त्याने ते मुशीत वितळवून शुद्ध करण्याची रीत बसवली आणि चाकूच्या पात्यांना त्याचा फार मोठा लाभ झाला.

या खुणांमुळेच चाकूचे वय ठरवता येते. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या नामांकित पेढीची तारा आणि माल्टाचा क्रूस ही खूण १६८२ सालची. १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाने या पेढीला राजाश्रय दिला. तेव्हापासून तिच्या पात्यांवर मुकुट आणि राज्यकर्त्याची आद्याक्षरे दिसू लागली. व्हिक्टोरिया राणीची अक्षरे असलेले पाते १८३७ च्या पूर्वीचे असू शकत नाही. ‘इंग्लंड’ हा शब्दही असेल, तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने १८९० साली केला होता, आणि अमेरिका ही शेफील्डची मोठी बाजारपेठ होती. गंज न धरणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली याने शेफील्डमध्येच सिद्ध केले, ते १९१३ साली. तेव्हा राणीची अक्षरे आणि ‘स्टेनलेस’ हा शब्द एकाच पात्यावर एकत्र दिसले, तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावे हे उत्तम.

याच पेढीने १८२२ साली एक ‘वर्षचाकू’ केला. त्याला १८२२ पाती होती आणि पुढे दरसाल एक पाते वाढवीत नेले. १९७३ साली नव्या पात्याला जागाच उरली नाही! १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी केलेल्या ‘नॉर्फोक’ चाकूला पंचाहत्तर पाती व हत्यारे आहेत. कौतुक वाटते, पण मला स्वतःला अशा राक्षसी चाकूंपेक्षा धार लावून लावून अर्धे झिजलेले पाते अधिक बोलके वाटते.

कारण चाकू एका हाताचा नसे. पाते घडवणारा निराळा, सहाणेवर बसणारा निराळा, मूठ नि कमान जोडणारा निराळा. यांपैकी सहाणेवरच्या माणसाचे आयुष्य सर्वांत कमी. दगडाची नि पोलादाची धूळ त्याच्या फुप्फुसांत साचे. शेफील्डचे वैद्य डॉ. आर्नल्ड नाइट यांची निरीक्षणे एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात दिली आहेत. त्यांनुसार कोरड्या सहाणेवर काम करणारे क्वचितच पस्तिशी गाठत, आणि ओल्या सहाणेवरचे पंचेचाळिशी. खिशातल्या चाकूची ती गुळगुळीत धार अशी आली होती.

मासेमारीचे चाकू हा या छंदातील अवघड विभाग होय. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी केलेल्या घडीच्या चाकूत मुख्य पात्याबरोबर एक लांब, अरुंद पाते असते. त्याच्या दातेरी पाठीने खवले काढावयाचे आणि दुभंगलेल्या टोकाने माशाच्या तोंडातील गळ सोडवावयाचा. काहींच्या मुठीवर मासा मोजण्यासाठी इंचांच्या खुणा असतात, तर काहींत गळाचे टोक परजण्यासाठी दगडाची चिंचोळी पट्टी बसवलेली असते. पाणी, मीठ आणि माशाची चिकटी यांनी कमान गंजते, बिजागरी धरते. टोक मोडले की चाकू फेकून दिला जाई. म्हणूनच चांगल्या स्थितीतील नमुना दुर्मिळ. हाती आलाच, तर पाते डुलते का, मिटताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो का, हे आधी पाहावे.

मग मोह होतो तो घासण्याचा. तो आवरावा. पात्यावर कालांतराने चढलेली करडी झाक घासली, की खूण पुसट होते आणि किंमतही उतरते. गंजाचे ठिपके तेलाने हलकेच काढावेत. चाकू कातडी म्यानात ठेवू नये, कारण कातडे ओलावा धरते. विशेष जपावे ते सेल्युलॉइडच्या मुठींना. हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची नक्कल करणारा हा पदार्थ जुना झाला की कुजू लागतो आणि त्याच्या आम्ल वाफेने शेजारचे चाकूही गंजतात. असा चाकू वेगळा, हवेशीर ठेवावा. शेफील्डच्या कित्येक मुठी भारतातून गेलेल्या सांबरशिंगाच्या आहेत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे अशा शिंगांच्या आणि हस्तिदंताच्या व्यवहारावर कडक बंधने आहेत. तेव्हा आधी कायदा पाहावा, मग पैसे मोजावेत.

शेफील्डमधील स्टॅन शॉ हे चौदाव्या वर्षी, १९४१ साली, एका चाकूच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून शिरले आणि पुढील सात दशकांहून अधिक काळ घडीचे चाकू हातांनी करीत राहिले. २०२१ साली ते वारले. त्याच गावच्या केन हॉली यांचे हत्यारांचे दुकान होते. त्यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक वस्तूंचा संग्रह तेथील केल्हॅम आयलंड संग्रहालयात आहे. त्यांनी केवळ तयार माल जमवला नाही. अर्धवट घडवलेली पाती, जुने सूचिपट आणि हत्यारे करावयाची हत्यारेही त्यांनी बंद पडलेल्या कारखान्यांतून उचलून आणली.