ओढ्याचा मासा आणि मुद्दलाचा हिशेब

देवगाव रंगारीच्या नावातच रंगाऱ्याचा हुन्नर आहे. रंगाऱ्याला कापड धुण्यासाठी स्वच्छ, वाहते पाणी लागते. ओढ्यातल्या रानमाशालाही तेच लागते. पावसाळ्यात बाजार मंदावला की आमच्याकडचे काही कारागीर व दुकानदार गळ घेऊन ओढ्याकाठी बसतात. वरकरणी हा शौक आहे. पण व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावा असा हिशेब त्यात आहे.

सातमाळा-अजिंठा डोंगररांगेचे दक्षिणेकडील पाणी गोदावरीला व उत्तरेकडील तापीला जाते. आमच्या बाजूचे ओढे शिवनेला आणि शिवना गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात ओढे आटतात, डोहांत तेवढे पाणी राहते. पुढच्या सालाचे बीज त्याच डोहांत टिकते.

या पाण्यातला खरा डोंगरी मासा म्हणजे मळ्या. हनुवटीखालच्या चकतीने तो दगडाला घट्ट चिकटतो व दगडावरचे शेवाळ खातो. म्हणून आमिषाच्या गळाला तो सहसा लागत नाही. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावे प्रसिद्ध केली, तेव्हा कोळ्यांच्या तोंडचे हेच नाव त्याने शास्त्रात घेतले. गळाला लागतो तो मरळीच्या कुळातला लहान डोक. त्याला गांडूळ किंवा नाकतोडा चालतो. सावली पाण्यावर पडू न देता, काठापासून दोन पावले मागे बसावे.

गळाचा तंगूस हा आमच्याच धंद्यातला माल: न पिळलेला, नायलॉनचा एकच सलग तंतू. पाण्यात तो जवळजवळ दिसत नाही. गळाला हा गुण उपयोगी आहे. पण त्याच तंगुसाचे बारीक आसाचे जाळे ओढ्यात आडवे लावले की बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही.

मोठे नुकसान पहिल्या पुरात होते. मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात आणि लोक अंड्यांनी भरलेल्या माद्या टोपल्यांनी उचलतात. डोकाचा नर तर अंडी तोंडात धरून सांभाळतो. त्या वेळी तो एक मासा काढला की त्याची सारी वीण गेली. पाण्यात सुरुंग लावणे किंवा विष कालवणे हा कायद्यानेच गुन्हा आहे.

दूरचा एक दाखला पाहा. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलच्या पुढाकाराने १९०० च्या सुमारास विलायतेहून ट्राउट माशाची अंडी काश्मिरात आली. पहिली खेप वाटेतच नासली, दुसरी जगली. थंड पाण्याचा हा मासा आपल्या ओढ्यांत तगणार नाही. पण तिथली रीत घेण्यासारखी आहे: नदीचे टप्पे ठरलेले, परवान्याला पैसे आणि दिवसाला किती मासे धरायचे याची मर्यादा. मासा पाण्यात राहतो म्हणूनच परवाना विकला जातो आणि वाटाड्या, खानावळवाला यांच्या हाताला काम मिळते.

आमच्या गावांनीही तीन गोष्टी ठरवाव्यात. चढणीचा मासा सोडावा, उन्हाळ्यातला डोह उपसू नये, बारीक जाळे ओढ्यात लावू नये. यात कोणाची रोजी बुडत नाही. दिवाळीपर्यंत गळाला चार मासे जास्तच लागतील. जो दुकानदार मुद्दल खात नाही, त्याच्याच गल्ल्यात बरकत राहते. ओढ्याचेही तसेच आहे.