रजिस्ट्री झाली म्हणजे प्लॉट आपला झाला का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचं "अं... म्हणजे..." काढून टाकलंय, बाकी तसंच आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहिणारा वर्ध्याचा पोरगा आहे. पण मागच्या भागानंतर तुमचे जे व्हॉइस नोट आले, त्यातले बरेच घर, प्लॉट आणि कागदपत्रांवर होते. आणि या विषयात आमच्या घराचे हात पोळलेले आहेत. म्हणून हा भाग.

तर झालं असं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, ग्रॅच्युइटीचे पैसे आले, आणि डोक्यात एकच गोष्ट: आता भाड्याचं घर बस्स. शहरात प्लॉट परवडत नव्हता. मग वर्ध्यात सगळे जिकडे जातात, तिकडेच शोध सुरू झाला. सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी. सांगताना आपण सगळ्याला वर्धाच म्हणतो, पण तिथला कारभार ग्रामपंचायतीचा. अशाच एका गावात १५०० चौरस फुटांचा प्लॉट मिळाला. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून भेटतात. विकणारा बाबांच्या ओळखीतला. एक लाख रुपये इसार देऊन झाला आणि मग मला फोन आला.

मी विचारलं, "कागद पाहिले का?" बाबा म्हणाले, "एवढं कायले पाहतं बाबू, माणूस ओळखीतला आहे ना. आणि रजिस्ट्री होणारच आहे."

हे दुसरं वाक्य फार धोक्याचं आहे. कॉलेजचा एक मित्र सध्या इंग्लंडमध्ये आहे, त्याने तिकडे घर घेतलं. तो सांगत होता, तिकडे सरकारच्या लँड रजिस्ट्रीच्या साइटवर ७ पौंड भरले की त्या घराचा मालक कोण, कर्ज आहे का, हे सांगणारी नोंद मिळते. त्या नोंदीमागे सरकारची हमी असते. नोंदीतल्या चुकीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. तिकडेही भानगडी आहेत. फ्लॅट बहुतेक लीजवर असतात, जमीन दुसऱ्याची असते. पण निदान 'मालक कोण' या प्रश्नाचं उत्तर एका जागी मिळतं.

आपल्याकडे? माझ्या भाषेत सांगतो. आपल्याकडे 'मालक' नावाचं टेबलच नाही. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आहे ते कागदांचं लॉग. अमुकने तमुकला विक्रीपत्र करून दिलं, या तारखेला, एवढ्या किमतीला, बस्स. नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि तो दस्ताची नोंद करतो. विकणाऱ्याकडे खरंच मालकी होती का, याची हमी तो देत नाही. सातबारा म्हणजे महसुलाचा तक्ता, जमिनीचा सारा कोणाकडून घ्यायचा यासाठीचा. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही किंवा जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरटॅक्सची यादी. लाइट बिलाचं तर बोलूच नका.

मग मालक कोण हे कसं कळतं? सगळे कागद जोडून, मागे मागे जाऊन. मालकी हा आपल्याकडे काढलेला निष्कर्ष असतो. म्हणून वकील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात.

मी मुलगा म्हणून एकच केलं. बाबांना न सांगता एका वकिलाला फी दिली आणि दोन गोष्टी मागवल्या: जुने इंडेक्स २ आणि त्या शेताचे सगळे फेरफार. डिजिटल सहीचा सातबारा तर १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो. पण खरी गंमत जुन्या फेरफारांत असते. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी गोलात एक नंबर असतो ना, तो फेरफार क्रमांक. ते नाव तिथे का आलं, याची गोष्ट त्या नंबरमागे असते.

आमच्या केसमधली गोष्ट अशी होती. जमीन मूळची विकणाऱ्याच्या वडिलांची. ते १९८७ मध्ये वारले. फेरफार झाला आणि वारस म्हणून दोन मुलांची नावं लागली. त्यांना दोन मुलीही होत्या. एक चंद्रपूरला दिलेली, एक यवतमाळला. त्यांची नावं कुठेच नाहीत. पटवाऱ्याने विचारलं नसेल, भावांनी सांगितलं नसेल, कोण जाणे.

आता कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी ही वडिलांची पहिल्या वर्गाची वारस आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीतही मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क मिळतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही, ही त्यातली मर्यादा. इथे तशी वाटणी नव्हती. हक्कसोडपत्र? तेही नाही. आणि हक्कसोडपत्र कोऱ्या कागदावर सही घेऊन चालत नाही बरं का, ते नोंदवावं लागतं.

म्हणजे भाऊ प्लॉट विकू शकत होते, पण फक्त आपल्या हिश्श्यापुरता. रजिस्ट्री बिनबोभाट झाली असती. स्टॅम्प ड्युटी भरली असती, अंगठे झाले असते, फोटो निघाले असते. आणि उद्या बहिणींनी वाटणीचा दावा लावला असता तर बाबा त्या खटल्यात प्रतिवादी.

हे कळल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच विकणाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, दोन्ही ताईंना विक्रीपत्रावर सही करायला बोलवा. त्यावर उत्तर आलं, "बहिणींचा काय संबंध? त्यांचं लग्नात दिलं की." हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी घरी ऐकलं असेल. कायद्यात त्याला काही किंमत नाही. सौदा मोडला.

आता इसार. एक लाख बाबांनी साध्या इसार चिठ्ठीवर दिले होते. तुमच्यातल्या एकाने विचारलंय की चिठ्ठी झाली म्हणजे प्लॉटवर आपला हक्क लागतो का. नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार झाला म्हणून मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. करार पाळा म्हणून कोर्टात जाता येतं, एवढंच. आमचे पैसे हप्त्याहप्त्याने परत आले. वीस हजार अजून बाकी आहेत. चिठ्ठीत 'मालकी निर्वेध न निघाल्यास इसार परत' अशी एक ओळ असती तर बोलायला तोंड राहिलं असतं.

आता बाकीचे प्रश्न भराभर घेतो.

मुखत्यारपत्रावर प्लॉट घेऊ का? नको. २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, मुखत्यारपत्र आणि करारनाम्याच्या जोडीने मालकी मिळत नाही. शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेले प्लॉट आपल्याकडे किती आहेत, विचारू नका. (ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो. कागद महागला, किंमत तीच.)

ले-आऊट एनएटीपी आहे असं दलाल म्हणतो. मग अकृषक आदेशाची प्रत आणि मंजूर नकाशा मागा, आणि नकाशा हातात घेऊन जागेवर उभे राहा. नकाशात 'मोकळी जागा' लिहिलेल्या तुकड्यावर प्लॉट नंबर टाकून विकणारे महाभाग असतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर थांबा, विक्रीला सहसा आधी परवानगी लागते. नझूलची जागा असेल तर ती लीजवर आहे की वर्ग १ झाली, ते बघा. हा प्रकार आपल्या नागपूर-अमरावती विभागातलाच, त्यामुळे पुण्याच्या मित्राला विचारून उपयोग नाही.

फ्लॅट घेत असाल तर महारेराचा नंबर साइटवर टाकून बघा. बिल्डरला नोंदवलेला करार करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यावर ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो त्यानेच दुरुस्त करायचा.

आईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते का? १ एप्रिल २०२१ पासून मिळते. पण घर किंवा फ्लॅट असेल तर, आणि खरेदी फक्त बाईच्याच नावावर असेल तर. रिकाम्या प्लॉटला नाही.

आणि हो, "बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद क्लिअर असतील ना?" बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. मालकी बुडाली तरी हप्ता तुम्हालाच भरायचाय.

आमचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तो प्लॉट चार महिन्यांत दुसऱ्याने घेतला. आता तिथे घर उभं आहे, वर स्लॅब पडलाय. बहिणींनी सही केली की नाही, मला माहीत नाही. दावा आला नाही. कदाचित येणारही नाही. बाबा स्कूटरवरून तिकडून जाताना हळू होतात आणि घरी येऊन म्हणतात, "त्यायचं तं झालं पाहा घर." मी काही बोलत नाही. आम्ही अजून भाड्याच्याच घरात आहोत. पुढच्या शनिवारी नालवाडीकडचा एक प्लॉट बघायला जायचंय, आणि यावेळी फेरफार बाबांनी स्वतःच आधी काढून ठेवलेत.