पाणथरी का वाढते?

आपल्या खानदेशात कुणाचे पोट डाव्या बाजूला फुगलेले दिसले, की लोक म्हणतात, "याला पाणथरी झाली." बोलायची ही रीत जुनी आहे, पण ती बरोबर नाही. पाणथरी कुणाला 'होत' नाही. ती जन्मापासूनच सगळ्यांना असते. शरीरात दुखणे शिरले म्हणजे ती वाढते. पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. आम्ही पाणथरीच म्हणू. सोपा शब्द असताना अवघड कशाला?

ती असते कुठे? डाव्या कुशीवर, खालच्या बरगड्यांवर हात ठेवा. त्या बरगड्यांच्या आत, जठराच्या मागे ती दडलेली असते. मोठ्या माणसाची पाणथरी त्याच्या मुठीएवढी असते. वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम. निरोगी माणसाचे पोट चाचपले तर ती बहुधा हाताला लागत नाही. बरगडीखाली टणक गोळा लागला, तर डॉक्टरला दाखवावे.

तिचे काम चाळणीचे. बाया धान्य चाळतात, किडके आणि फुटके दाणे बाजूला काढतात. पाणथरी रक्ताचे तसेच करते. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. मग त्या जुन्या होतात. जुन्या, मोडक्या पेशी पाणथरी काढून घेते. रक्तात रोगाचे जंतू आले तर त्यांच्याशीही झगडते. आता विचार करा, एका दिवसात दहा दिवसांचे धान्य चाळायला आले तर काय होईल? चाळणीवर ढीग साचेल. पाणथरीचेही तेच होते. काम वाढले की ती फुगते.

हे काम वाढवणारा आपल्याकडचा जुना रोग म्हणजे हिवताप, म्हणजेच मलेरिया. त्याचे जंतू तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. पुन्हा पुन्हा हिवताप आला, आणि औषध नीट झाले नाही, की पाणथरी वाढतच जाते. पूर्वी डॉक्टर यावरूनच गावाची परीक्षा करीत. 1847 साली डेम्पस्टर नावाच्या डॉक्टराने उत्तर हिंदुस्थानात कालव्यांकाठच्या गावांत लोकांच्या पाणथऱ्या तपासल्या. जिथे जास्त जणांची पाणथरी हाताला लागे, तिथे तापाचा जोर जास्त, असा त्याचा हिशेब. त्या वेळी हिवतापाचे जंतू कुणी पाहिलेही नव्हते! ते 1880 साली लावेराँ या फ्रेंच डॉक्टराने पाहिले. डासाच्या पोटात ते वाढतात हे रोनाल्ड रॉस याने 1897 साली सिकंदराबादला दाखवले. पुढे 1953 साली सरकारने देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम काढली आणि घरोघर फवारणी सुरू झाली. रोग खूप कमी झाला, पण गेला नाही. हा डास रात्री चावतो आणि नाल्याच्या डबक्यात, शेतातल्या खड्ड्यात, टाक्यात, अशा बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून पाऊस उघडला की ताप येतो.

थंडी वाजून ताप आला तर आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात बोटाचे रक्त तपासून घ्यावे. त्याला पैसे पडत नाहीत. एका जातीच्या हिवतापात जंतू यकृतात लपून बसतात. त्यांना मारायला दुसरी गोळी असते, ती बहुधा 14 दिवस घ्यावी लागते. लोक तीन दिवसांत बरे वाटले की ती गोळी कोनाड्यात ठेवून देतात. मग दोन-चार महिन्यांनी ताप परत येतो आणि पाणथरी परत फुगते. ही गोळी चालू असताना लघवी काळपट झाली तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जावे. गरोदर बाईने ती घेऊ नये.

आता दुसरे कारण. ते सातपुड्याच्या बाजूला फार महत्त्वाचे आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, पावरा मंडळींत सिकलसेल नावाचे दुखणे आढळते. ते इतर समाजांतही आहे. यात तांबडी पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक नसांत अडकतात आणि लवकर मोडतात. हे दुखणे डासाने किंवा स्पर्शाने लागत नाही. ते आईबापांकडून येते. एकाकडूनच आले तर मूल वाहक होते. वाहकाला सहसा त्रास नसतो. उलट लहानपणी जिवावरच्या हिवतापापासून त्याचा काहीसा बचाव होतो. हे ॲलिसन या डॉक्टराने 1954 साली दाखवले. हिवतापाच्या मुलखात हा दोष का टिकून राहिला, ते यावरून कळते. पण आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून सोयरीक ठरवण्याआधी दोघांचे रक्त तपासून घ्यावे. पत्रिका पाहायला आपण चार गावे फिरतो, मग याला एक दिवस द्यायला काय हरकत आहे? 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारने या रोगासाठी देशभर मोहीम सुरू केली आहे.

सिकलसेलच्या लहान मुलाची पाणथरी कधी कधी एकाएकी फुगते. अंगातले रक्त तिच्यात अडकते. मूल काही तासांत पांढरे पडते, सुस्त होते, पोट फुगते. ही जिवावरची वेळ असते. सकाळपर्यंत वाट पाहू नये. असे मूल घरात असेल तर आईने नर्सबाईकडून पाणथरी हलक्या हाताने चाचपायला शिकून घ्यावे. रोज पाहिले तर फरक लगेच कळतो.

विषमज्वर, क्षय आणि रक्ताचे काही रोग यांतही पाणथरी वाढते. दारूचेही सांगायला हवे. वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत दगडासारखे होते. त्यातून रक्त पुढे सरकत नाही, ते मागे पाणथरीत तुंबते. अशा माणसाला एखादे दिवशी रक्ताची उलटी होते.

"पोट दुखस" एवढे डॉक्टरला सांगून भागत नाही. कुठे दुखते ते सांगावे. वाढलेल्या पाणथरीने डाव्या बरगडीखाली जड वाटते. कधी कळ डाव्या खांद्यापर्यंत जाते. दोन घास खाल्ले की पोट भरते, कारण जठराला जागा उरत नाही. धावताना कुशीत कळ येते आणि थांबल्यावर जाते, ती बहुतेक वेळा पाणथरीची नसते.

काही ठिकाणी अजून तापलेल्या सळईने पोटावर डाग देतात. आम्हाला याची चीड येते. कातडी भाजून आतली पाणथरी कशी उतरणार? लेकराला जखम होते, ती पिकते, आणि खरे औषध लांबते. पोट चोळणेही वाईट. वाढलेली पाणथरी नाजूक असते. बैलाची धडक, गाडीवरून पडणे, कबड्डीतला गुडघा, एवढ्यानेही ती फुटू शकते. मार लागल्यावर पोट दुखले, घाम सुटला, चक्कर आली, तर तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची इस्पितळे आहेत.

कधी पाणथरी काढून टाकावी लागते. तिच्यावाचून माणूस जगतो. पण जंतूंशी झगडणारा एक गडी कमी होतो, म्हणून डॉक्टर सांगतील त्या लसी घ्याव्या लागतात. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, आणि आपली पाणथरी काढलेली आहे हे तिथे सर्वांत आधी सांगावे लागते.