घरच्या संगणकाचा हलका पहारेकरी

घरचा संगणक पाच-सहा वर्षांचा झाला की त्याची चाल मंदावते. बटण दाबून, चहा करून आणला तरी पडदा पुरता जागा झालेला नसतो. मुलांचा शाळेचा निबंध छापावयाचा असतो आणि फाइल उघडता उघडत नाही. अशा वेळी घरातील जाणत्या माणसाचा संशय प्रथम अँटिव्हायरसवर जातो. हा संशय अगदीच खोटा नसतो. परंतु त्यावर जो उपाय योजला जातो, म्हणजे अँटिव्हायरस काढून टाकणे किंवा कोणी सुचविलेला दुसरा 'हलका' अँटिव्हायरस बसविणे, तो पुष्कळदा हलकेपणाचा अर्थ नीट न उमजल्यामुळे फसतो.

हलका म्हणजे कमी जागा व्यापणारा, असा सर्वसाधारण समज आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला, त्या काळी हा समज चालून गेला असता. तेव्हा विषाणू इतके थोडे होते, की त्यांच्या खुणांची यादी घेऊन फ्लॉपी एकदा तपासली की काम भागे. आजचा अँटिव्हायरस असा अधूनमधून फेरी मारून स्वस्थ बसत नाही. एखादी फाइल उघडावयाची झाली, की ती आधी त्याच्यापुढे येते. तो ती चाळतो, हरकत नाही असे सांगतो, आणि मगच ती मालकाच्या हाती पडते. एका छायाचित्राच्या बाबतीत हा विलंब पापणी लवण्याइतकाही नसतो. पण संगणक सुरू होताना शेकडो फाइली एकामागून एक उघडतात आणि ह्या क्षणांची बेरीज जाणवू लागते. अँटिव्हायरसचा भार मोजावयाचा तो ह्या अडविलेल्या वेळात.

तो भार प्रत्येक यंत्रावर सारखा पडत नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते आणि वाचणारा काटा तिच्यावर इकडून तिकडे धावत असतो. मालकाचे वाचन व पहारेकऱ्याची तपासणी अशी दोन कामे एकदम आली की त्या काट्याची त्रेधा उडते. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. तोच अँटिव्हायरस तेथे असून नसल्यासारखा वाटतो. शेजाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा अँटिव्हायरस घरच्या जुन्या यंत्रावर धोंडा होऊन बसतो, तो ह्यामुळे. अशा घरी अँटिव्हायरस बदलण्यापेक्षा डिस्क बदलणे अधिक फलदायी ठरते, मग दुकानदार काहीही सांगो.

टास्क मॅनेजरमधील रॅमचा आकडा पाहून निवड करणारेही पुष्कळ आहेत. हा आकडा फसवा असतो. काही अँटिव्हायरस विषाणूंच्या खुणा रॅममध्ये मांडून ठेवतात आणि त्यामुळेच उत्तर झटपट देतात. दुसरे काही ह्या खुणा घरच्या यंत्रात फारशा ठेवतच नाहीत. संशयित फाइलचा ठसा ते इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे पाठवितात आणि तेथून निकाल मागवितात. असा अँटिव्हायरस अंगाने सडपातळ असतो खरा, पण नेट गेले की त्याची दृष्टी मंदावते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्हज ही संस्था नेट असताना व नसताना विषाणू ओळखण्याचे प्रमाण वेगवेगळे छापते, ते ह्याच कारणासाठी. ज्या घरी नेट वरचेवर जाते आणि झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह तसाच संगणकाला लावला जातो, त्या घराने हा दुसरा रकाना पाहिल्यावाचून निवड करू नये.

हीच संस्था, तशीच जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, अँटिव्हायरसमुळे यंत्र किती मंदावते ह्याच्याही चाचण्या घेतात. फाइलींची नक्कल करणे, नवी आज्ञावली बसविणे, संकेतस्थळे उघडणे अशी नित्याची कामे करून वेळ मोजला जातो. जाहिरातीतील 'सर्वांत वेगवान' ह्या शब्दांपेक्षा हे निकाल शतपटीने विश्वसनीय आहेत. तरीही चाचणीचे यंत्र वेगळे आणि घरचे वेगळे. शेवटचे माप घरीच घ्यावे. तीन-चारशे छायाचित्रांचे एक फोल्डर घेऊन त्याची नक्कल करण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून टिपावे. मग नवा अँटिव्हायरस बसवून तेच पुन्हा करावे. प्रत्येक वेळी संगणक बंद करून सुरू केला पाहिजे, कारण एकदा तपासलेली फाइल लक्षात ठेवण्याची युक्ती ह्या आज्ञावलींना अवगत असते आणि दुसऱ्या खेपेचा आकडा उगाच चांगला दिसतो.

तुलना कशाशी करावयाची? विंडोजमध्ये मुळातच असलेल्या डिफेंडरशी. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो यंत्राबरोबरच येतो, त्याला निराळे पैसे पडत नाहीत, आणि सामान्य घरास तो बहुधा पुरेसा असतो. दुसरा अँटिव्हायरस बसविला की तो आपण होऊन पहाऱ्यावरून बाजूला होतो. तरीही काही घरांत दोन अँटिव्हायरस एकाच वेळी राबताना दिसतात, आणि दोघेही एकाच फाइलवर झडप घालू लागले की यंत्र जागीच खिळते. नव्या लॅपटॉपबरोबर आलेली, मुदत सरलेली चाचणी-प्रत हा तर नेहमीचाच प्रकार. ती वेळ खाते, पण नव्या विषाणूंची ओळख तिला नसते. ती रीतसर काढली तर डिफेंडर पुन्हा जागा होतो. साऱ्या डिस्कची तपासणी संगणक चालू पण रिकामा असेल अशा वेळी लावून ठेवली, तर कामाच्या वेळी खोळंबा होत नाही.

फुकट मिळणाऱ्या अँटिव्हायरसविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अवास्ट ह्या नामांकित कंपनीने आपल्या ग्राहकांच्या इंटरनेटवरील भ्रमंतीची माहिती जंपशॉट ह्या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाले. २०२० साली ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. दारावरचा पहारेकरीच घरात कोण येते-जाते ह्याची वही बाहेर विकू लागला, तर त्याच्या हलकेपणाचे कौतुक काय करावे?

मराठी घरांत पुण्याच्या क्विक हीलचे नाव आपुलकीने घेतले जाते. कैलास काटकर ह्यांनी कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून आरंभ केला आणि त्यांचे बंधू संजय ह्यांनी विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली, हा इतिहास अभिमानास्पदच आहे. मात्र घड्याळाची परीक्षा त्याही आज्ञावलीस चुकत नाही.

हलकेपणाच्या हव्यासात दोन गोष्टी कधीही सोडू नयेत: सततचा पहारा आणि विंडोजची दुरुस्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर लाखो संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती ते बळी पडले. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीसाठी नोंदणी न केलेल्या अशा यंत्रावर कितीही चांगला अँटिव्हायरस आणला, तरी भगदाडे उघडीच राहतात. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या यंत्रावर लिनक्स बसविणे हा एक मार्ग आहे. मुलांच्या लिखाण-वाचनास तो पुरतो.

अँटिव्हायरस बदलल्यावर पहारा खरोखर चालू आहे की नाही हे पाहण्याचीही सोय आहे. ऐकार ह्या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल तयार केली असून ती संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. ती विषाणू नव्हे, पण बहुतेक सर्व अँटिव्हायरस तिला विषाणू समजून पकडतात, तसा त्यांच्यात संकेतच आहे. ती उतरवून घेताना पडद्यावर इशारा आला तर पहारा जागा आहे. फाइल मुकाट्याने उतरली आणि उघडलीही, तर अँटिव्हायरसची मांडणी उघडून 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' हे बटण चालू आहे की नाही ते प्रथम पाहावे.