यंत्रानें सांगितलेला निवाडा

हातांतील फोनवर कायद्याचा प्रश्न घालावा आणि निमिषार्धांत कलमें, निवाडे व तारखा यांसह उत्तर मिळावें, ही सोय आतां जळगांव-धुळ्याच्या घराघरांत पोंचली आहे. वकीलमंडळीहि युक्तिवाद तयार करतांना तिचा उपयोग करूं लागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या साधनाला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. पण त्याच्या उत्तरावर विसंबून सही करण्यापूर्वीं काय करावें, हा प्रश्न ज्या घरांत वाटणीचा विषय निघाला आहे त्या घराला तरी टाळतां येणार नाहीं.

उदाहरण घ्या. रावेर-यावलकडील एका एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित केळीची बाग आहे. मुलीचें लग्न १९९० सालीं झालें, वडील २००३ सालीं वारले, वाटणी अद्याप झालेली नाहीं. मुलीला भावाइतका हिस्सा आहे काय? यंत्र कदाचित् सांगेल कीं नाहीं; आणि आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ सालचा ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ हा निकाल दाखवील. हा निकाल खरा आहे. हिंदु वारसा कायद्यांतील दुरुस्ती अंमलांत आली त्या दिवशीं, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजीं, बाप हयात असला पाहिजे असें त्यांत म्हटलेलेंहि आहे. मात्र ११ ऑगस्ट २०२० रोजीं ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या प्रकरणांत तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तें मत फिरविलें. मुलीचा हक्क जन्मानें येतो, बाप त्या दिवशीं हयात असण्याची अट नाहीं, असें ठरलें. महाराष्ट्रानें अशी दुरुस्ती १९९४ सालींच केली होती, पण २२ जून १९९४ पूर्वीं लग्न झालेल्या मुलींना तिनें वगळलें होतें. यंत्र कदाचित् तीहि पुढें करील. तेवढ्या आधारावर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलें गेलें, तर यंत्राचें कांहीं जात नाहीं.

निकाल शिळा असणें हा एक प्रकार. निकालच नसणें हा दुसरा. न्यू यॉर्क येथें एका विमानकंपनीविरुद्धच्या दाव्यांत वकिलांनीं चॅटजीपीटीनें पुरविलेले सहा निवाडे पुढें केले. एकहि अस्तित्वांत नव्हता. त्यांतील एका वकिलानें निवाडा खरा आहे ना, असें त्याच यंत्राला विचारलें होतें, आणि यंत्रानें होकार दिला होता! साक्षीदाराच्या खरेपणाबद्दल साक्षीदारालाच विचारावें, त्यांतलाच हा प्रकार. जून २०२३ मध्यें पांच हजार डॉलर दंड झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें आयकर खात्याचा एक आकारणी-आदेश रद्द केला. त्यांत आधार म्हणून दिलेले तीन निवाडे मुळांत नव्हतेच. तेथें चूक वकिलाची नव्हती, खुद्द अधिकाऱ्याची होती.

यांत यंत्राची लबाडी नाहीं. निकालसंग्रहाची जोड नसेल तर तें कोणतेंहि पुस्तक उघडून पाहत नाहीं. वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढें कोणता शब्द शोभेल तें जुळवितें. वादी, प्रतिवादी, वर्ष, पृष्ठांक, सगळें शोभतें. म्हणूनच खरें वाटतें.

धुळ्याच्या वाचकांना ही अडचण अगदीं अपरिचित नसावी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस त्यांच्याच गांवीं निवर्तले, आणि पुढें त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. बखरकाराच्या सुरस कथनापेक्षां राजवाडे तत्कालीन अस्सल पत्राला अधिक मान देत. बखर निरुपयोगी नव्हे. कोणता कागद शोधावा हें ती सुचविते. यंत्राचें उत्तर ही आमच्या मतें आजची बखर आहे.

अस्सल कागद शोधणें मात्र राजवाड्यांच्या काळाइतकें कष्टाचें राहिलेलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयाचे प्रकाशित निवाडे २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर फुकट वाचावयास मिळतात, अनेकांचीं मराठी भाषांतरेंहि आहेत. भाषांतरावरून विषय समजून घ्यावा, पण आधार मूळ इंग्रजी निवाड्याचाच द्यावा. वरचा सारांश वाचून थांबूं नये. प्रकरणाची हकीकत आपल्या हकीकतीशीं जुळते काय, आणि निवाडा पुढें कोणी फिरविला काय, हें पाहण्यास एक संध्याकाळ पुरते.

वकिलांना आणखी एक गोष्ट सांगावयाची. अशिलानें विश्वासानें सांगितलेली हकीकत गुप्त राखण्याचें बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमानें त्यांच्यावर घातलें आहे. वाटणीपत्राचा किंवा मृत्युपत्राचा मसुदा यंत्रांत घालण्यापूर्वीं नांवें, गट-नंबर व रकमा काढून टाकाव्या. नाहींतर ज्या भाऊबंदकीची वाच्यता वकिलाच्या खोलीबाहेर व्हावयाची नाहीं, ती कोणत्या परदेशांतील संगणकावर जाऊन बसेल हें सांगवत नाहीं.