प्रोसेसरचा वेग आणि मे महिन्यातली दुपार

संगणकाच्या जाहिरातीत ‘३.६ गिगाहर्ट्झ’ असा आकडा आपण वाचतो. हा प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग. प्रोसेसरमधले सारे काम या घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. ३.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हे ठोके वाढवणे, याला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हा शब्द एव्हाना ऐकवलाही असेल. वेग वाढवणे तसे सोपे आहे. वाढवलेला वेग भरवशाचा आहे की नाही, हे ठरवणे मात्र कठीण. अमरावती-अकोल्याच्या हवेत तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

वेग वाढतो तरी कसा?

एकाच प्रकारचे सगळे प्रोसेसर तंतोतंत सारखे निघत नाहीत. त्यांतला कमी प्रतीचा नगही, गरम झालेला असताना आणि काही वर्षे वापरल्यानंतर, बिनचूक चालला पाहिजे. म्हणून कारखाना वेगाचा आकडा थोडा राखून ठरवतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव जागा वापरतो.

प्रोसेसरचा वेग म्हणजे एका पायाभूत घड्याळाचा वेग गुणिले एक गुणक. १९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरमध्ये ६६ मेगाहर्ट्झला ४.५ ने गुणून ३०० मेगाहर्ट्झ मिळत. हौशी लोकांनी ६६ च्या जागी १०० केले आणि अनेक नग ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागले. आता बहुतेक संगणकांत पायाभूत वेग १०० मेगाहर्ट्झ असतो आणि गुणक बदलतात. पण काही ठरावीक प्रोसेसरमध्येच गुणक बदलू देतात. बाकीच्यांत तो कुलूपबंद असतो.

ठोक्याला मर्यादा का?

शाळेचे उदाहरण घेऊ. तास ३५ मिनिटांचा आहे. घंटा झाली की वह्या गोळा करायच्या. आता तास २५ मिनिटांचा केला तर भराभर लिहिणाऱ्यांच्या वह्या पूर्ण असतील, सावकाश लिहिणाऱ्यांच्या अपुऱ्या. वह्या मात्र सगळ्याच गोळा होतील.

प्रोसेसरमध्ये हेच घडते. प्रत्येक ठोक्यात विद्युत संकेताला ट्रान्झिस्टरच्या एका लांब साखळीतून जायचे असते. वाटेतल्या सूक्ष्म धारित्रांत विद्युतभार भरायला वेळ लागतो. ३.६ गिगाहर्ट्झला एका ठोक्यासाठी सुमारे ०.२८ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ८ सेंटिमीटर जातो. सर्वांत लांबच्या वाटेवरचा संकेत पुढच्या ठोक्याआधी पोहोचला नाही, तर १ च्या जागी ० धरला जातो आणि काम तसेच पुढे जाते.

यावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणे. धारित्रे लवकर भरतात, संकेत वेळेत पोहोचतो. पण याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते.

उष्णतेचा हिशोब

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एक प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवर ६५ वॅट घेतो. तो ४.२ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वारंवारता १.१७ पट झाली, व्होल्टेजचा वर्ग १.२७ पट. गुणाकार सुमारे १.४८. म्हणजे शक्ती ९६ वॅट झाली. वेग वाढला १७ टक्के, उष्णता ४८ टक्के.

ही उष्णता पंखा आणि धातूच्या पात्यांचा हीटसिंक बाहेर टाकतो. समजा, दर वॅटमागे प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा अर्धा अंश अधिक तापतो. ९६ वॅटला तो हवेपेक्षा ४८ अंशांनी गरम राहील. आता ही ‘भोवतालची हवा’ किती अंशांची? जानेवारीत खोली २० अंशांची असेल, तर प्रोसेसर ६८ अंशांवर. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ अंशांवर गेली, तर प्रोसेसर ९० अंशांवर. बंद डब्यातली हवा खोलीपेक्षाही काही अंश गरम असते, ते वेगळेच. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतात. मग सगळी खटपट फुकट.

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि उष्म्यामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. अशा गावात, थंड हवेच्या शहरातील माणसाने सांगितलेले व्होल्टेज आणि गुणक जसेच्या तसे उतरवून घेण्यात अर्थ नाही.

कूलर किती मदत करतो?

वऱ्हाडात उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचा कूलर असतो. ४४ अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. बाष्पीभवनाने हवा याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगला कूलर तिला ३० च्या आसपास आणतो. वरच्या हिशोबात प्रोसेसर ९० वरून ७८ वर येतो. फायदा मोठा आहे, पण तो कोरड्या हवेचा. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही. आणि वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतो, कूलर मात्र बंद पडतो!

कूलरचा झोत सरळ संगणकावर सोडू नये. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पाण्याची वाफ क्षार नेत नाही, पण झोताबरोबर उडणारे बारीक थेंब नेतात. सर्किटवर साठलेला क्षार दमट हवेत वीजवाहक बनतो.

‘स्थिर’ म्हणजे काय?

संगणक सुरू झाला, खेळ चालला, म्हणजे वेग स्थिर झाला असे समजतात. ते पुरेसे नाही. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. न कळणारी चूक अधिक वाईट. ७१ हा आकडा द्विमान पद्धतीत १०००१११ असा लिहितात. पहिला १ चुकून ० झाला तर उरतात ७. निकालपत्रकात एखाद्या मुलाच्या ७१ गुणांचे ७ झाले, तर?

म्हणून चाचणी अशी हवी, की जिचे उत्तर आधी माहीत आहे. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७, ही अशी एक मूळ संख्या. फार मोठ्या घातांसाठी हे गणित दिवसच्या दिवस चालते आणि मधली एक चूक सगळे उत्तर बिघडवते. त्यामुळे प्राइम९५ या त्यांच्या प्रोग्रॅममध्ये यंत्राची कसोटी घेण्याची सोय आहे: प्रोसेसरला पूर्ण ताण द्यायचा आणि आलेले उत्तर माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे.

पद्धत प्रयोगशाळेतलीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गुणक एकाने वाढवा, काही तास चाचणी घ्या, नोंद करा. चूक आली तर व्होल्टेज अगदी थोडे वाढवा किंवा एक पायरी मागे या. वहीत गुणक, व्होल्टेज, प्रोसेसरचे तापमान, चुका आणि खोलीचे तापमान असे पाच रकाने हवेत. पाचवा रकाना नसेल, तर जानेवारीची नोंद मे महिन्यात निरुपयोगी ठरेल.

चाचणीत चूक सापडली, तर वेग अस्थिर आहे हे पक्के. चूक सापडली नाही, तर ‘अजून सापडलेली नाही’ एवढेच म्हणता येते. म्हणून चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी, कूलर बंद ठेवून घ्यावी आणि उत्तीर्ण झालेल्या वेगापेक्षा एक पायरी खालीच थांबावे. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे प्रोसेसर हळूहळू झिजतो, तेव्हा ही चाचणी दरवर्षी घ्यायला हवी.

शाळेसाठी

ज्या संगणकावर निकाल, हजेरी, हिशोब आहेत, त्याचा वेग वाढवू नये. आजचे बरेच प्रोसेसर गरजेप्रमाणे आपला वेग आपणहून वाढवतात, त्यामुळे हाताने मिळणारा फायदाही थोडाच उरला आहे. उलट्या दिशेचा प्रयोग मात्र आपल्याकडे अधिक कामाचा. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे कमी करायचे आणि प्रत्येक पायरीला तीच चाचणी घ्यायची. १.२० चे १.१० व्होल्ट चालले, तर वर्गाच्या नियमाने उष्णता सुमारे १६ टक्के घटते. अडगळीतला, व्होल्टेज बदलू देणारा एखादा संगणक असेल, तर नववी-दहावीच्या मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. हीटसिंकमधली धूळ आणि कापसाची तूस आधी काढायला सांगा. साफ करण्यापूर्वीचे आणि नंतरचे तापमान, ही त्यांच्या वहीतली पहिली नोंद होईल.