पुण्यातच सुट्टी : कात्रजच्या पाण्यामागून एक दिवस

सुट्टी काढायची, पण गाव सोडायचं नाही, आपलंच शहर बघायचं, याला हल्ली ‘स्टेकेशन’ म्हणतात. शब्द नवा आहे, अडचण जुनीच. पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवायला नेतो आणि स्वतः बाहेर गाडीपाशी उभे राहतो! ‘त्यात काय बघायचंय, रोज तिथूनच जातो की.’ यादी घेऊन फिरलं की हेच होतं. त्यापेक्षा एक धागा धरावा आणि तो नेईल तिकडे जावं. आज आपण पाण्याचा धागा धरू.

सुरुवात कात्रजला. पीएमपीची बस थेट जाते, सकाळी लवकर निघा. प्राणिसंग्रहालयाशेजारचा तो तलाव आपण सहलीत पाहिलेला असतो. पण तो मुळात शहराला पाणी द्यायला बांधला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात. पाणी इथे अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळ पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळातून पुण्यात सोडायचं. नळ म्हटल्यावर पाइप डोळ्यांपुढे आणू नका. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा तो बोगदा आहे.

आता हे चालायचं कसं? पंप नव्हताच. कात्रज उंचावर, शहर खाली, म्हणजे पाणी उताराने येणार. पण उतार बेताचा लागतो. जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर वाटेत गाळ साचतो. कित्येक किलोमीटर हा उतार सांभाळत नेणं, तेही जमिनीखालून, हे मला तरी त्या काळातल्या कुठल्याही महालापेक्षा मोठं काम वाटतं. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखे उभे झरोके ठेवले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. हवा खेळती राहायची आणि सफाईला माणूस तिथूनच उतरायचा. वरून झाकलेलं असल्यामुळे पाला पडत नाही, ऊन लागत नाही.

तिथून पर्वतीला या. शंभरावर पायऱ्या आहेत, दमाने चढा. वर गेल्यावर दक्षिणेकडे तोंड करा : कात्रजचे डोंगर दिसतात. मग खाली सारसबाग बघा. तिथे पूर्वी तळं होतं, म्हणून तर तो ‘तळ्यातला गणपती’. या सगळ्याला जोडणारा जो प्रवाह आहे, तो आंबील ओढा. कात्रजकडून येतो, पेशवाईत त्याचं पात्र वळवून तो मुठेला मिळवला. आपण त्याला नाला म्हणायला लागलो, काठापर्यंत बांधकामं केली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय झालं, ते इथे बसलेल्यांपैकी काहींनी डोळ्यांनी पाहिलंय. भिंती कोसळल्या, माणसं वाहून गेली. म्हणून पर्वतीवरून नुसतं ‘व्ह्यू छान आहे’ म्हणून उतरू नका. पाणी कुठून येतं आणि त्याची वाट आपण कुठे अडवलीय, ते बोटाने दाखवता आलं पाहिजे, मुलं बरोबर असतील तर नक्कीच.

पुढे पेठांत शिरा. कात्रजचं पाणी इथे हौदांत यायचं. बदामी हौद, काळा हौद, नाना हौद, फडके हौद. फडके हौद चौक हे नाव रिक्षावाल्यालाही पाठ असतं. हौद कशासाठी होता ते विचारा, गप्प!

पण ‘सार्वजनिक’ हौद म्हणजे सगळ्यांचा, असं मात्र समजू नका. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा याच फेरीत घ्या. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. पाण्याची एवढी सुंदर व्यवस्था असलेल्या शहरात हे करावं लागलं, आणि घरचा हौद उघडणं हे धाडस ठरलं. उच्छ्वासांचं कौतुक करताना हेही त्याच दमात सांगावं लागतं. इथे अर्धा तास तरी थांबा.

शेवट शनिवारवाड्यात, हजारी कारंज्यापाशी. सोळा पाकळ्यांचं कमळ आहे. नाव हजारी, पण हजार तोट्या शोधत बसू नका, तेवढ्या नाहीत. लाकडी इमला १८२८ च्या आगीत गेला, दगडी चौथरे आणि हे कारंजं राहिलं. कात्रजहून निघालेलं पाणी आपल्याच दाबावर इथे उडायचं.

खर्च बसभाडं, तिकिटं आणि दुपारचं जेवण एवढाच. एक काम मात्र सोपवतो. जुने वाडे पाडून इमारती होतायत, हौद आणि उच्छ्वास स्लॅबखाली चाललेत. तुमच्या वाड्यात, गल्लीत असं काही असेल तर फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, आत पाणी आहे का बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. झाकण उघडून आत उतरायला मात्र जाऊ नका, हवा कोंडलेली असते.

आता प्रश्न घेऊ.